उंची ६ फूट ३ इंच असेल तर माउंटन बाइकची फ्रेम कोणत्या मापाची घ्यावी?

दर्यापूरकडच्या एका भावानं विचारलं आहे. त्याचा प्रश्न थोडक्यात असा: "उंची ६ फूट ३ इंच. घर ते वावर पाच किलोमीटर, त्यातली अर्धी वाट पांदणीची. महिन्यातून एखाद्या रविवारी परतवाड्याहून चिखलदऱ्याला सायकलनं चढायची इच्छा आहे. दुकानात १९ इंची फ्रेमची माउंटन बाइक दाखवली, ती मला लहान वाटली. दुकानदार म्हणतो, सीट वर करून देतो, काही फरक पडत नाही. घरी आबाजींची २४ इंची काळी सायकल आहे, ती मला बरोबर बसते. मग मी २४ इंचीच शोधू का? गिअरच्या सायकलीत २१ च्या वर काही दिसतच नाही."

भाऊ, मी परतवाड्यात बावीस वर्षांपासून सायकली दुरुस्त करतो आणि गेली दहा-बारा वर्षं गिअरच्या सायकली विकतोही. उंच माणसांचा हा प्रश्न माझ्याकडे दर दोन-तीन महिन्यांनी येतो, आणि बहुतेक जण चुकीची सायकल घेऊन झाल्यावर येतात. तुम्ही आधी विचारलंत, हे फार चांगलं केलंत. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

१९ इंची लहान वाटली, हे तुमचं वाटणं बरोबर आहे. पण ती उंचीला लहान नाही, लांबीला लहान आहे. दुकानदारानं दिलेला उपाय उंचीचा आहे. सीट वर जाते, फ्रेम लांब होत नाही. उंच माणसाची सगळी फसगत या एका गोष्टीत होते.

आधी आकड्यांचा घोळ सोडवू. आबाजींच्या सायकलचे २४ इंच म्हणजे बीबीपासून, म्हणजे पायडलचा मधला धुरा फिरतो तिथून, सीटखालच्या उभ्या नळीच्या वरच्या टोकापर्यंतची लांबी. त्या काळ्या सायकली २२ आणि २४ इंचीत यायच्या आणि दोन्हींना चाकं २८ चीच असायची. आज दुकानात "२६ ची, २७.५ ची, २९ ची" म्हणतात तो आकडा चाकाचा, फ्रेमचा नाही. त्यामुळे "भाऊ, २९ ची घ्या, तुमची उंची जास्त आहे" असं कुणी म्हटलं तर फ्रेमबद्दल तो काहीच बोललेला नसतो. २९ च्या चाकावर लहान फ्रेमही येते. तुम्ही फ्रेमचं माप वेगळं विचारा.

आता २४ विरुद्ध २१. आबाजींच्या सायकलची दांडी जमिनीला समांतर असते, म्हणून सीटची नळी उंच आणि वर निघालेला सीटचा पाइप चार बोटं. माउंटन बाइकची दांडी मागे उतरती असते, म्हणजे खडबडीत वाटेवर झटकन पाय टेकवावा लागला तर मांड्यांच्या मधे जागा राहते. दांडी उतरली की सीटची नळी आखूड होते आणि पाइप जास्त बाहेर दिसतो. म्हणून २१ इंची माउंटन बाइक तुमच्या २४ इंचीपेक्षा तीन इंच लहान आहे असा हिशेब करू नका. या दोन आकड्यांची तुलनाच होत नाही. काळ्या सायकलवर आपण ताठ बसतो, हँडल वर आणि मागे वळलेलं असतं. तिथे पाय पुरले की सायकल बसली. माउंटन बाइकवर अंग पुढे झुकतं आणि हात रुंद पसरतात, म्हणून पाठीची आणि हातांची लांबीही मोजावी लागते.

पायापासून सुरुवात करा. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे राहा, पावलांत वीतभर अंतर. जाड पुठ्ठ्याचं पुस्तक किंवा गवंड्याची लेव्हल दोन्ही मांड्यांच्या मधे घेऊन वर दाबा, सीटवर बसल्यावर जितका दाब येतो तितका. वरची कड भिंतीवर पेन्सिलीनं खुणवा आणि जमिनीपासून मोजा. तीनदा मोजा, कारण पहिल्यांदा सगळेच संकोचून कमी दाबतात. तुमच्या उंचीच्या माणसाला हे माप बहुधा ८८ ते ९३ सेंटीमीटर येतं. आपण ९१ धरू.

या मापाला ०.८८३ नं गुणलं की बीबीच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची मिळते. ९१ ला ती साधारण ८० सेंटीमीटर येते. हा आकडा म्हणजे वेदवाक्य नाही, पुढे-मागे सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर होतो. पण फ्रेम निवडायला पुरेसा आहे.

आता दुकानातली १९ इंची घ्या. १९ इंच म्हणजे ४८ सेंटीमीटर. ८० तून ४८ गेले, उरले ३२. त्यातले सीटच्या स्वतःच्या जाडीचे ५ वजा करा. म्हणजे २७ सेंटीमीटर पाइप नळीच्या बाहेर राहणार. सायकलसोबत पाइप ३५ सेंटीमीटरचा असेल तर आत फक्त ८ उरतात, आणि ३० चा असेल तर ३. पाइपवर एक आडवी रेघ कोरलेली असते, ती बाहेर दिसता कामा नये. ती साधारण टोकापासून ८ ते १० सेंटीमीटरवर असते. माझा नियम त्याहून कडक आहे: दांडी जिथे सीटच्या नळीला वेल्ड केलेली असते, त्या जोडाच्या दोन बोटं खालपर्यंत पाइप आत गेलाच पाहिजे. नाही तर तुमचं सगळं वजन नळीच्या वरच्या चार इंचांवर तरफेसारखं काम करतं.

याचा परिणाम मी हातात धरून पाहिलेला आहे. एक शिक्षक, उंची सव्वासहा फुटांच्या आसपास, "सीटखालून कुरकुर येते" म्हणून सायकल घेऊन आले. सीट काढली, नट आवळले, ग्रीस लावलं, तरी आवाज जाईना. मग रॉकेलच्या फडक्यानं नळी पुसली, तेव्हा पाइप आवळणाऱ्या क्लॅम्पच्या खाली रंगात केसासारखी रेघ दिसली. नख फिरवलं तर अडकलं. ॲल्युमिनियमला तडा गेला होता. पाइप काढला तर आत जेमतेम पाच सेंटीमीटर होता. लोखंडी फ्रेम आपल्याकडे कुणीही वेल्ड करून देईल, पण ॲल्युमिनियमची नीट वेल्ड करून तिला पुन्हा ताकद देणं आपल्या भागातल्या कुणाच्या हातचं काम नाही. ती फ्रेम तिथेच संपली.

तुम्ही म्हणाल, ४० सेंटीमीटरचा लांब पाइप मिळतो, तो टाकू. मिळतो, खरं आहे. फक्त त्याची जाडी तुमच्या नळीला जुळली पाहिजे. पाइपच्या खालच्या टोकाजवळ २७.२, ३०.९, ३१.६ असा आकडा कोरलेला असतो, तोच आकडा घ्या. बारीक पाइपाभोवती पत्र्याची पट्टी गुंडाळून बसवू नका. तर लांब पाइपानं तुटण्याची भीती जाते. लांबीची अडचण मात्र तशीच राहते, उलट वाढते.

कारण सीटची नळी सरळ उभी नसते, मागे कललेली असते. साध्या सायकलींत हा कोन ७३ अंशांच्या जवळपास असतो. म्हणजे सीट दहा सेंटीमीटर वर काढली की ती जवळजवळ तीन सेंटीमीटर मागेही सरकते. तुमच्या ८० सेंटीमीटर उंचीला तुम्ही बीबीच्या २३ सेंटीमीटर मागे, म्हणजे जवळपास मागच्या चाकावर बसता. सपाट रस्त्यावर हे खपून जातं. चिखलदऱ्याच्या चढावर पुढचं चाक हलकं होतं, हँडल डावीकडे-उजवीकडे भरकटतं आणि ते सरळ ठेवण्यातच दमछाक होते. त्यातच लहान फ्रेमचं हँडल खाली असतं, त्यामुळे सीट त्याच्या बरीच वर जाते आणि सगळा भार मनगटांवर येतो. वळणावर गुडघा हँडलला लागतो तो वेगळाच.

माझ्या हातून याच जागी एक चूक झालेली आहे, ती सांगतो. पोलीस भरतीची तयारी करणारा एक पोरगा होता, ६ फूट २ इंच. दुकानात १८ इंची फ्रेम होती, त्याला घाई होती, पैसेही मोजके होते. मी लांब पाइप टाकला, आणि हात पुरेसे पुढे जावेत म्हणून ११ सेंटीमीटरचा स्टेम लावला. स्टेम म्हणजे हँडलला चिमट्याच्या नळीशी जोडणारा तुकडा. उभी सायकल पाहून वाटलं, काम झालं. दोन महिन्यांनी घाटातून उतरताना ओल्या वळणावर त्याचं पुढचं चाक निसटलं आणि हासळीचं हाड मोडलं. रस्ता ओला होता, वेग जास्त होता, हे खरं. पण नंतर ती सायकल मी स्वतः त्याच वळणावर चालवली. लांब स्टेममुळे अंग पुढच्या चाकाच्या वर ओणवं होतं आणि हँडल जडपणानं, उशिरा वळतं. आखूड फ्रेमला मी वरून लांब केलं होतं, आणि त्याची किंमत त्या पोरानं मोजली. त्या वर्षी त्याची भरती हुकली. तेव्हापासून उंच गिऱ्हाइकाला बसणारी फ्रेम दुकानात नसेल तर मी "थांबा" म्हणतो, सायकल देत नाही.

मग लांबी मोजायची कशी? दोन शब्द लक्षात ठेवा, रीच आणि स्टॅक. बीबीच्या मध्यातून सरळ वर एक रेघ काढली अशी कल्पना करा. त्या रेघेपासून पुढच्या नळीच्या, म्हणजे हँडलखाली चिमटा जिच्यात फिरतो तिच्या, माथ्यापर्यंतचं आडवं अंतर म्हणजे रीच. बीबीपासून त्याच माथ्यापर्यंतची उभी उंची म्हणजे स्टॅक. कंपन्यांच्या तक्त्यात हे दोन्ही आकडे मिलीमीटरमध्ये असतात. तुम्ही पायडलवर उभे राहून उतरता तेव्हा सायकल किती ऐसपैस लागेल ते रीच सांगतो, हँडल किती वर येईल ते स्टॅक सांगतो. सीटवर बसून किती लांब वाटेल हे पाहायला 'इफेक्टिव्ह टॉप ट्यूब' नावाचा तिसरा आकडा असतो, तोही पाहावा.

तक्ता नसेल तर भिंत, टेप आणि ओळंबा घेऊन दुकानातच मोजता येतं. सपाट फरशीवर सायकल सरळ धरा, मागचं चाक भिंतीला टेकवा. भिंतीपासून बीबीच्या मध्यापर्यंतचं अंतर फरशीवर मोजा, समजा ८१ सेंटीमीटर आलं. मग पुढच्या नळीच्या माथ्याच्या मध्यावरून ओळंबा सोडा, तो टेकला तिथे खडूची खूण करा आणि भिंतीपासून मोजा. समजा १२८ आलं. वजाबाकी ४७, हा झाला रीच. तसंच जमिनीपासून माथ्याची उंची मोजून तीतून जमिनीपासून बीबीची उंची वजा करा, की स्टॅक मिळाला. दुकानदार विचित्र नजरेनं पाहील, पाहू द्या. पंधरा-वीस हजार किंवा त्याहून जास्त पैसे तुमचे आहेत.

तुमच्या उंचीला माझ्या अनुभवानं रीच ४६ ते ४९, स्टॅक ६३ च्या वर आणि इफेक्टिव्ह टॉप ट्यूब ६३ ते ६६ सेंटीमीटर हवी. बहुतेक कंपन्यांत हे माप एक्सएलमध्ये सापडतं, आणि इंचांत लिहिणाऱ्यांकडे २१ च्या आसपास. पण एक्सएल या अक्षरांवर विसंबू नका. एका कंपनीची एक्सएल दुसरीच्या एलएवढी असू शकते. नव्या घडणीच्या सायकलींत सीटची नळी मुद्दाम आखूड ठेवतात आणि फ्रेम लांब करतात. तिथे नळीवर १९ लिहिलेलं असूनही रीच ४८ असू शकतो आणि ती तुम्हाला छान बसेल. म्हणून १९ ला नकार द्या असं मी म्हणत नाही. रीच मोजा आणि मग ठरवा. नव्या घडणीत सीटच्या नळीचा कोनही ७५-७६ अंशांचा असतो. तुमच्या उंचीला त्यानं तीन-चार सेंटीमीटर पुढे बसायला मिळतं, आणि चढावर हा फरक पहिल्या दहा मिनिटांत कळतो.

आता जे तुमच्या अंगावर अवलंबून आहे ते. ६ फूट ३ इंचाची दोन माणसं सारखी नसतात. एकाचे पाय लांब आणि धड आखूड, दुसऱ्याचं उलट. पायाचं माप ९३ च्या पुढे असेल आणि दोन्ही हात पसरल्यावर बोटांच्या टोकांमधलं अंतर उंचीपेक्षा कमी भरत असेल, तर एल आणि एक्सएलच्या सीमेवर असताना मी एल देईन, फक्त स्टॅक चांगला असलेली, आणि वर उचललेलं हँडल लावून. पाय ८८ आणि हातांचा पसारा उंचीपेक्षा जास्त असेल तर डोळे झाकून एक्सएल. कंबरेचं दुखणं असेल तर रीचपेक्षा स्टॅककडे जास्त पाहा. यात एकच उत्तर सगळ्यांना लागू होत नाही, म्हणून मापं घ्या म्हणतो.

जास्त मोठी फ्रेम घेतली तर काय, असंही काही जण विचारतात. मोठी फ्रेम थोडी आखूड करता येते: सीट रुळांवर पुढे सरकवता येते, स्टेम ५-६ सेंटीमीटरचा लावता येतो. पण सीट फार पुढे ओढली की गुडघे कुरकुरतात. दांडीवर उभं राहिल्यावर मांड्यांच्या मधे पाच सेंटीमीटर तरी मोकळे राहिले पाहिजेत. तुमच्या पायांना ही अडचण येईलसं वाटत नाही.

चाक २९ चंच घ्या. पांदणीत बैलगाडीच्या चाकोऱ्या आणि वाळलेली ढेकळं असतात, त्यावरून मोठं चाक सहज जातं, आणि मोठ्या फ्रेमला ते शोभतंही. हे काही नवीन नाही. आबाजींच्या २८ च्या चाकाची रिम ६३५ मिलीमीटरची, आजच्या २९ ची ६२२ ची, म्हणजे जुनीच थोडी मोठी होती. टायर २.२ इंचाच्या आसपास असू द्या, पण टायर आणि चिमटा, टायर आणि मागच्या नळ्या यांच्यात बोटभर फट आहे का ते पाहा. तुमच्या खारपाणपट्ट्यातली काळी माती पहिल्या पावसानंतर टायरला अशी चिकटते की दोनशे पावलांत चाक फिरायचं थांबतं. खरं सांगायचं तर भर पावसाळ्यात त्या पांदणीत कुठलीच सायकल चालत नाही. फट असेल तर निदान काडीनं माती काढून पुढे जाता येतं. सराटे आणि बाभळीचे काटे तुमच्याकडेही आहेतच, तेव्हा ट्यूबमध्ये सीलंट, म्हणजे काट्याचं भोक आतून बुजवणारं द्रव, भरून घ्या.

क्रँकची, म्हणजे पायडल ज्याला लावलेलं असतं त्या दांड्याची, लांबी १७५ मिलीमीटर असेल तर उत्तम, १७० असेल तर त्यासाठी सायकल नाकारू नका. हँडल ७४ सेंटीमीटरच्या आसपास रुंद असावं. वजन नव्वद किलोच्या पुढे असेल तर चाकाला ३२ स्पोक आणि पुढे १८० मिलीमीटरची ब्रेकची डिस्क घ्या. चिखलदरा साधारण १,११८ मीटर उंचीवर आहे. तिथून खाली येताना सगळा वेग ब्रेकलाच गिळावा लागतो, आणि जड माणसाच्या लहान डिस्क तापून ब्रेकची पकड कमी होते.

आता काय करायचं ते. घरी तीन मापं घ्या: पायाचं आतलं माप, दोन्ही हातांचा पसारा आणि अनवाणी उंची. ती इथे लिहिलीत तर मी तुमच्या बजेटमधल्या सायकलींचे तक्ते पाहून सांगेन. तालुक्याच्या दुकानात एक्सएल सहसा ठेवत नाहीत, कारण वर्षात एखादीच खपते. अमरावती किंवा नागपूरला आधी फोन करून "एक्सएल समोर उभी आहे का, की मागवावी लागेल" एवढं विचारा. मागवायची असेल तर बयाणा देण्यापूर्वी, न बसल्यास सायकल परत घेणार का ते पावतीवर लिहून घ्या.

सायकल समोर आली की सीट तुमच्या मापाला लावायला सांगा, बीबीपासून टेपनं मोजून (पायाचं माप ९१ आलं तर ८० सेंटीमीटर). टाच पायडलवर ठेवून पायडल अगदी खाली न्या. गुडघा जेमतेम सरळ झाला पाहिजे आणि कंबर एका बाजूला कलता कामा नये. मग दुकानापुढे एक चक्कर मारून परत येऊ नका. पंधरा-वीस मिनिटं चालवा, जवळ उड्डाणपूल असेल तर त्याच्या चढावर न्या. चढताना पुढचं चाक जमिनीला धरून राहिलं, उतरताना पायडलवर उभं राहिल्यावर हँडल पोटाजवळ न येता छातीच्या पुढे राहिलं, आणि पूर्ण वळवल्यावर गुडघ्याला लागलं नाही, तर ती सायकल तुमची. आबाजींची २४ इंची विकू नका. पावसाळ्यात पांदण बंद असेल तेव्हा गावातल्या डांबरी रस्त्यावर तीच कामाला येईल, आणि तिच्या मागे कॅरिअरवर कुटाराचं पोतंही बसतं.